मडमेचं बी आणायला मद्रासला

पारावर बसलो की ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, आप्पा, मद्रासला काय पाहिलंत? समुद्र पाहिला का, देऊळ पाहिलं का? मी म्हणतो, तण पाहिलं. लोक हसतात आणि मला म्हातारचळ लागला म्हणून उठून जातात. म्हणून एकदाच लिहून टाकतो. चौथीनंतर माझा आणि शाईचा फारसा संबंध आला नाही, नंतर सगळी हयात पंक्चर काढण्यात गेली. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

मी मद्रासला बी आणायला गेलो होतो. त्या गावाचं नाव आता चेन्नई आहे, पण माझ्या तोंडात मद्रासच बसलंय.

आमची सिंधू गेल्या फाल्गुनात गेली. तिचे वडील पाचगणीला इंग्रजाच्या वेळच्या एका बंगल्यावर माळी होते. तिथनं ती लग्नात एका फुलाचं बी घेऊन आली. पुरुषभर उंच दांडा आणि त्याला खालून वरपर्यंत कागदाच्या झालरीसारखी फुलं. ती त्याला मडम म्हणायची. "बघा, मडम कशी मान ताठ करून उभी आहे." न्हाणीमागच्या पट्ट्यात दरवर्षी मडमा उभ्या राहायच्या आणि ती एकही तोडू द्यायची नाही. मी म्हणायचो, देवाला नाही, डोक्यात नाही, मग लावलीस कशाला, वरात काढायला? ती म्हणायची, बघायला.

ती गेली त्या दिवशी मडमा ऐन भरात होत्या. मी विळा घेतला, सगळा पट्टा कापला आणि तिच्या अंगावर घातला. चांगलं दिसलं.

पुढं पावसाळा गेला तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बी धरायला एक दांडासुद्धा ठेवला नाही. तिची बियांची बरणी उघडली, तर रिकामी. सगळं तिनंच पेरून टाकलेलं. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोपुढं तिचंच फूल पाहिजे, हे माझ्या डोक्यानं घेतलं. वाईच्या बियांच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, मडमेचं बी द्या. दुकानदारानं माझ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाला, "काका, या वयात?"

खरं नाव मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं संसार केला आणि बायकोच्या फुलाचं नाव विचारलं नाही. मग आठवलं की सूनबाई फुलांचंच काम करते. संक्रांतीच्या तोंडावर गाडीत बसलो.

वेलचेरी

माझा मुलगा प्रशांत गुम्मिडिपूंडीला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. राहतो वेलचेरीला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. उजाडायच्या आत निघतो आणि आला की जेवताना पेंगतो. सून अनुजा कराडची. कॉम्प्युटरची नोकरी सोडून तिनं लग्नकार्यात फुलं मांडायचं काम काढलंय. प्रशांतला ते पटलेलं नाही, पण पेंगणाऱ्या माणसाला भांडता येत नाही.

पहिल्या सकाळी मी गॅलरीत कॉफी पीत बसलो होतो. पीत म्हणजे सांडत. तिथं पेला आणि वाटी देतात, वरून खाली ओतायची, परत वर घ्यायची. माझी अर्धी कॉफी लेंग्यानं प्याली. तेवढ्यात खाली रस्त्यावर एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडायला लागली, "पूऽऽ! पूऽऽ!"

मी आत धावलो. "अनुजा, खाली कुणाला तरी पू झालाय बघ, हळद आण!"

पोरगी हसून हसून ओट्याला टेकली. "आप्पा, तमिळमध्ये पू म्हणजे फूल. फुलवाली आहे ती."

ज्या भाषेत फुलाला पू म्हणतात तिथं आपलं कसं होणार, असं मला तेव्हाच वाटलं होतं. खाली जाऊन पाहिलं तर टोपलीत गजऱ्यांची वेटोळी. मोजमाप हातानं, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. त्याला मुळम म्हणतात. बाई ठेंगणी होती. मी माझा हात पुढं केला, म्हटलं यानं मोज. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग आपल्याच आखूड हातानं मोजलं आणि वर काहीतरी बोलली. अनुजा म्हणाली, "तिनं विचारलं, हात आजोबांचा, मग माळणार कोण? आजोबा?" मी गजरा घेऊन वर आलो. सिंधूचा फोटो पिशवीत होता, त्याला घातला. मोगरा थंडीत तिथं कमीच येतो, त्यामुळं गजऱ्यात फुलांपेक्षा दोराच जास्त होता.

दुपारी बियांचा विषय काढला. अनुजा म्हणाली, "वर्णन सांगा, मी शोधते."

"उंच असतं."

"बरं."

"गुलाबी असतं. लालपण असतं. पांढरंपण."

तिनं मोबाइलवर चित्रं दाखवायला सुरुवात केली. सगळी विलायतेतल्या जुन्या बागांची. विटांची भिंत, भिंतीवर गुलाब चढलेला, खाली नाना रंगांची फुलं एकमेकांच्या अंगावर रेललेली. कशाला वाफा नाही, ओळ नाही.

"हे कुणी आवरत नाही का?" मी विचारलं.

"आप्पा, हे असं दिसावं म्हणून माळी वर्षभर राबतात. शेकडो वर्षांच्या बागा आहेत या. लोक तिकीट काढून जातात."

एवढा खर्च करून पसारा करायचा आणि तो बघायला तिकीट लावायचं, ही अक्कल आमच्या घरात नव्हती. सिंधू पसारा फुकट दाखवायची. पण चित्रं बघता बघता मला सगळ्याच फुलांत मडम दिसायला लागली. हे का? नाही. मग हे? असंच, पण नाही. शेवटी मी एका कोबीलासुद्धा हो म्हणालो. अनुजानं मोबाइल ठेवला.

"माझं मोठं काम आहे, ते होऊ द्या. मग शांतपणे शोधू," ती म्हणाली. "आणि ते काम ज्या बागेत आहे तिथं एक बाई आहेत, त्यांना विचारू. त्यांना सगळं कळतं."

देठ

मोठं काम म्हणजे साखरपुडा. पोंगल झाला की तिकडं मुहूर्त सुटतात. अड्यार नदीच्या बाजूला इंग्रजाच्या वेळचा एक बंगला आहे, त्याच्या बागेत समारंभ. मुलीच्या आईला सगळं "इंग्लिश गार्डन" पाहिजे होतं. अनुजाचं एवढं मोठं काम पहिलंच. हे नीट झालं तर पुढची कामं, नाहीतर परत कॉम्प्युटर, असं प्रशांतनं घास चावता चावता सांगून ठेवलं होतं.

तिची एक रीत आहे. ज्या मोसमात जे फुलतं तेवढंच वापरायचं, विमानानं काही आणायचं नाही. होसूरकडचा एक शेतकरी तिच्यासाठी मुद्दाम लांब देठाची फुलं ठेवतो. आदल्या दुपारी ती आली. शेवंती, ॲस्टर, झिनिया, निशिगंध, सगळी न्हाणीघरात बादल्यांत उभी केली. मला अंघोळीला जागा उरली नाही. अनुजा म्हणाली, "आप्पा, मी बंगल्यावर जाऊन मांडव बघून येते. फुलांवर लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. न्हाणीच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसलो. बघतो तर काय, मूठभर फूल आणि खाली हातभर दांडा! आपल्याकडं फूल म्हणजे फूल. देवाला वाहा, हारात ओवा, देठ कुणी वाहत नाही. बिचारी पोर, आता येऊन हे सगळं खुडत बसणार, म्हणून मला कळवळा आला. कात्री सापडली. बसल्या बसल्या सगळी फुलं खुडली, रंगवार लावून परातींत ठेवली, वर ओलं फडकं टाकलं. देठ पिशवीत भरून खाली कचऱ्यात टाकून आलो. न्हाणी धुतली. अंघोळपण केली.

अनुजा आली. बादल्या रिकाम्या. मी फडकं उचलून दाखवलं, नवी नवरी दाखवावी तसं.

तिनं परातीत हात घालून फुलं वरखाली केली.

"आप्पा, देठ कुठायत?"

"टाकले. घाण किती झाली होती."

ती आत गेली, दार लावून घेतलं. आतनं फोनवर बोलण्याचा आवाज यायला लागला. ह्या शेतकऱ्याला, त्या शेतकऱ्याला. मधे मधे आवाज फाटत होता. माझ्या नावानं एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सिंधूनं दिल्या असत्या, सातारी. प्रशांत आला, परात बघून त्याची झोप उडाली. एवढंच म्हणाला, "आप्पा, तुम्ही पंक्चर काढता की करता?"

कोयंबेडू

पहाटे ती मला कोयंबेडूच्या फुलबाजारात घेऊन गेली. ओझी उचलायला, असं म्हणाली. खरं म्हणजे मला घरात एकटं ठेवायची तिची हिंमत नव्हती.

एवढी फुलं मी जन्मात पाहिली नव्हती. गोणीच्या गोणी ओतलेल्या. झेंडूचे डोंगर, शेवंतीचे डोंगर, आबोली, गुलाब, तुळस. पायाखाली पाकळ्यांचा चिखल. माणसं फावड्यानं फुलं भरत होती, वाळू भरावी तशी. आणि एवढ्या डोंगरांत एकाही फुलाला देठ नव्हता. मला उकळी फुटली.

"बघ," मी म्हणालो, "अख्खं मद्रास माझ्यासारखंच आहे!"

अनुजा थांबली. "हो. म्हणूनच मी त्या शेतकऱ्याकडून देठासकट मागवली होती."

मी रिकामी गोणी खांद्यावर टाकली आणि तिच्या मागनं चालायला लागलो. देठाच्या फुलांची गल्ली वेगळी असते, ती मुहूर्तामुळं आधीच साफ झालेली. तिनं हिरवा पाला घेतला, तेवढाच. मग बाहेर येऊन दोघांनी इडली खाल्ली. तिनं तिच्या पानातली चटणी माझ्या पानात वाढली. बोलली नाही, पण चटणी वाढली.

इंग्रजाची बाग

बंगला जुना, खांबांचा. चुना पोपडे धरून सुटलेला. पण बाग मात्र त्या चित्रातली. विटांची पायवाट, न्हाव्यानं मशीन फिरवावं तशी कापलेली कुंपणं, आणि कुंपणाच्या आत नुसता दंगा. फ्लॉक्स, पिटुनिया, डेलिया. मधोमध एक गोल दगडी हौद, कोरडा, त्यात पानं पडलेली. कुणी एक इंग्रज न्यायाधीश इथं राहत होता, त्याला घरची फार आठवण यायची, म्हणून त्यानं ही बाग केली म्हणे. मद्रासच्या उन्हात विलायतेची फुलं! दर उन्हाळ्यात मरायची आणि दर थंडीत तो परत लावायचा. म्हटलं, आणखी एक वेडा.

बाग सांभाळणाऱ्या पद्माअक्का. वय माझ्यापेक्षा चार पावसाळे जास्तच असेल. मूळच्या तंजावरच्या मराठी, इथं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. मालक परदेशात, या मागच्या दोन खोल्यांत राहतात. त्यांचं मराठी ऐकून मी चपापलो. शब्द पोथीतले आणि चाल मद्रासी.

"उभें कां? बसावें," त्या मला म्हणाल्या. मी मागं वळून पाहिलं, कोण मोठं माणूस आलंय म्हणून.

बंगला समारंभाला देतात, पण बागेतलं पानही तोडायचं नाही, ही त्यांची अट. अनुजानं परात दाखवली आणि झालेलं सांगितलं. मग हळूच विचारलं, "अक्का, कडेची थोडी फुलं देठासकट…"

"नाही."

"माझं पहिलंच काम आहे, अक्का."

"माझ्या बागेतलें फूल झाडावरच वाळतें. तोडलें तर बी कुठून धरूं?" त्यांनी परातीवरचं फडकं नीट केलं आणि माझ्याकडं पाहिलं. "हें कुणी केलें? तुम्हीच कीं?"

"मीच की."

"फार सुबक खुडलीं आहेत हो," त्या म्हणाल्या, आणि हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

मग त्याच उठल्या. म्हणाल्या, फुलें मांडवाकडे कां नेतां? मांडव फुलांकडे आणा. मधल्या हिरवळीवर टाकलेल्या खुर्च्या उचलून पायवाटेवर वाफ्यांना लागून मांडायच्या, बाग जशी आहे तशी मागं उभी राहील. आणि तो हौद भरायचा, त्यात खुडलेली फुलं सोडायची. मद्रासेत घराघरांत पितळी उरुळीत, म्हणजे पसरट भांड्यात, पाण्यावर सोडतात तशी, फक्त उरुळी इंग्रजाची.

अनुजानं बागेकडं पाहिलं, हौदाकडं पाहिलं. "आप्पा, पानं काढा त्यातली."

मी हौदात उतरलो.

दुपारपर्यंत नळी लावून हौद भरला. मग वाफ्याशी काम करणारी एक बाई लांबून मला हाका मारायला लागली. "तात्ता! तण्णी! तण्णी!" आणि हातानं कोपऱ्यातला वाफा दाखवत होती. तात्ता म्हणजे आजोबा, एवढं मला कळायला लागलं होतं. तणही कळलं. बघितलं तर कोपऱ्यात खरंच तण माजलेलं. गोल, खरखरीत, सुरकुतलेली पानं जमिनीसरपट पसरलेली. ओळखीचं तण. आमच्या न्हाणीमागं पावसाळ्यापासून तेच उगवतंय, उपटून उपटून माझी कंबर मोडली. मी खाली बसलो, एक धरलं आणि ओढलं.

"अय्यो!" पद्माअक्का या वयात पळत आल्या. "काय करतां हो?"

"तण काढतोय. ती बाई म्हणते ना, तणी तणी."

"तण्णी म्हणजे पाणी! पाणी घाला म्हणते ती!" त्यांनी माझ्या हातातलं रोप काढून घेतलं, लेकरू घ्यावं तसं. "हें तण नव्हे. हॉलिहॉक आहे. गुलखैरा. आत्तां नुसतीं पानें, पुढें दांडा वर येतो, पुरुषभर. मग खालून वर फुलें लागतात. इथें नीट येत नाही, तरी मी लावतें."

"झालरीसारखी?" मी विचारलं.

"होय."

"गुलाबी? लालपण?"

"होय हो. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"मडम," मी म्हणालो.

आणि तिथंच वाफ्याच्या कडेला बसलो. पावसाळ्यापासून न्हाणीमागं मी काय उपटत होतो ते मला कळलं. मी विळा चालवायच्या आधीच खालच्या बोंडांतलं बी आपणहून मातीत पडलं होतं, आपणहून उगवलं होतं. आणि मी तिचं अंगण स्वच्छ राहावं म्हणून ते मुळासकट काढून उकिरड्यावर टाकत होतो. दर आठवड्याला. कर्तव्य म्हणून.

पद्माअक्कांना मी सगळं सांगितलं. विळ्याचं, बरणीचं, दुकानदाराचं. त्या ऐकत होत्या आणि ते उपटलेलं रोप परत मातीत बसवत होत्या.

"बी देतें तुम्हांला," त्या म्हणाल्या. "पण आत्तां पेरलें तर वर्षश्राद्धाला फूल येणार नाही. फूल आहे तें, अंडें नव्हे." मग म्हणाल्या, "सगळेंच उपटलेंत? कुठें एखादें राहिलें नसेल?"

"मी काम नीट करतो," मी म्हणालो.

"तें दिसलें परातीत," त्या म्हणाल्या.

त्यांनी आत नेऊन दहीभात वाढला आणि त्याबरोबर डांगर. उडदाच्या पिठाचं, दह्यातलं, आपल्या सातारचंच. तिकडं त्याला डांगर पच्चडी म्हणतात. इतक्या लांब येऊन नाव शाबूत राहिलेलं ते एकच पाहिलं मी. सिंधूच्या हातचं यापेक्षा तिखट असायचं. मी तीनदा मागून घेतलं आणि नाक तिखटामुळं गळतंय असं सांगितलं. अक्का म्हणाल्या, यांत मिरचीच नाही.

साखरपुडा

संध्याकाळी माणसं आली. मुलीच्या आईनं हौद पाहिला आणि कपाळाला आठी घातली. तमिळ-इंग्रजीत काहीतरी म्हणाली, त्यात "इंग्लिश" आणि "नो" एवढं मला कळलं. मी एका खांबाआड झालो. पण तेवढ्यात नवरी मुलगी येऊन हौदाच्या काठावरच बसली, पाण्यात हात घातला, आणि उठेचना. मागं ती दंगेखोर बाग, पुढं रंगवार तरंगणारी फुलं. जो तो तिथंच फोटो काढायला लागला. आईही शेवटी जाऊन बसली. आठी होती तशीच होती, पण फोटोत हसली.

परतताना शेअर ऑटोत अनुजा माझ्या शेजारी दाटीवाटीनं बसली होती. म्हणाली, "नवरीच्या आईच्या जावेनं माझा नंबर घेतला. तिला म्हणे असाच हौद पाहिजे." थोड्या वेळानं म्हणाली, "आप्पा, पुढच्या वेळी बादलीला हात लावलात तर मी तुमचे देठ काढीन."

तेव्हा मला बरं वाटलं. घरचं माणूस बोलल्यासारखं वाटलं.

घरी

पद्माअक्कांचं बी बनियनच्या खिशात शिवून आणलं. गाडीतून उतरलो तो पिशवी न ठेवता न्हाणीमागं गेलो. पट्टा लख्ख. मी स्वतः केलेला. एक पान नाही. शेजारची मंदा भिंतीवरून बघत होती. "काय हरवलं, आप्पा?" म्हटलं, काही नाही, तण बघतोय.

मग पट्ट्याच्या कडेचा धुण्याचा दगड आठवला. सिंधू गेल्यापासून मी धुणं घरात नळाखालीच आपटतो. दगडामागं वाकायला कंबर साथ देत नाही, म्हणून तिथलं गवत कधी काढलं नव्हतं. दर आठवड्याला म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. वाकून पाहिलं. गोल, खरखरीत, सुरकुतलेली पानं. दगडाला चिकटून, दाटीनं, मान वर काढायला लागलेली.

जे काम नीट केलं त्यात तिची बाग मेली, आणि जिथं आळस केला तिथं ती वाचली. सिंधू असती तर हे सगळ्या आळीला सांगत सुटली असती.

मी तिथं रोज पाणी घातलं. तण्णी घातलं म्हणतो मी आता. मंदाला वाटतं मी तण घालतोय.

वर्षश्राद्धाला खालची फुलं उघडली. गुलाबी. गुरुजी आले, पाट मांडला, म्हणाले, "आप्पा, फोटोला फूल आणा." मी फोटोच उचलला आणि चालायला लागलो. गुरुजी मागनं, "अहो, फोटो कुठं नेताय?" अनुजा आणि प्रशांत आले होते. तिनं गुरुजींना थांबवलं.

दगड धुऊन ठेवला होता. फोटो त्यावर टेकवला, मडमेपुढं.

म्हटलं, बघ. देठासकट आहे.